धांड्यांचा माणूस

काकी गेली त्या दिवशी नागोरावकाकांनी सांगाडा आढ्यावरून उतरवला आणि शेळीपुढे टाकला.

सांगाडा माणसाचा, पण ज्वारीच्या धांड्यांचा होता. सांध्यांना बाभळीचे काटे, डोक्याला वाळका भोपळा, आणि बरगड्या काकीच्या टोपल्याच्या. "माझं टोपलं मोडून ह्यांनी माणूस केला," असं काकी आल्यागेल्याला सांगे.

माझे हे चुलते हट्टा गावचे शेतकरी. निजामाच्या राज्यात एका आजाऱ्याला घेऊन ते हैदराबादला गेले आणि तिथं डॉक्टरच्या खोलीत, काचेच्या कपाटात त्यांनी सांगाडा पाहिला. चारमिनार पाहायचा राहूनच गेला. परत आले ते हाडांचं वेड घेऊन. रामराम करायच्या आधी समोरच्याचं कोपर चाचपत. "मांस काय, आज हाय उद्या न्हाई. हाड बराबर पायजे."

माझ्या बहिणीला पाहायला पाहुणे आले, तर चहाच्या आधी काकांनी मुलाच्या पाठीवरून बोटं फिरवली. पोरगं गुदगुल्यांनी सतरंजीवर आडवं झालं.

"सोयरीक करून राहिले का बैल घेऊन राहिले?" मुलाच्या बापानं विचारलं.

"बैलाचे तर दात पाहतात," काका म्हणाले.

सोयरीक जमली. लग्नात मात्र व्याही काकांकडे पाठ करून एकदाही उभे राहिले नाहीत.

काकी बैलगाडीतून पडली तेव्हापासून तिची पाठ वाकली होती. उताणं पडलं की कळ यायची. सांगाडा तिच्यासाठीच होता. काका धांडे वाकवून पाहत, ताण कुठं बसतो ते हेरत, आणि संध्याकाळी तिच्या पाठीखाली बरोबर तिथं चिंध्यांची उशी सरकवत.

एकदा शेळीनं सांगाड्याची मांडी खाल्ली.

"काहून खाल्ली गं?" काकांनी शेळीला विचारलं.

"तिला कडबा दिसून राहिला," काकी आतून म्हणाली. "तुमाला माणूस दिसून राहिला."

मी शिकलेला. म्हणालो, "काका, कणा इतका वाकडा नसतो."

"पुस्तकातला नसंल. ह्यो तुझ्या काकीचा हाय."

उशी सरकवली की ते विचारत, "आता?"

"बरं वाटून राहिलं," काकी म्हणे.

एकदा ते बाहेर गेल्यावर ती मला म्हणाली, "तसंच दुखतंय रे. पण त्यांच्या जिवाला बरं वाटतं."

सरणावर काकीला ठेवलं तेव्हा काका पुढे झाले. घरून आणलेली ती उशी त्यांनी तिच्या पाठीखाली सरकवली. हात तिथंच ठेवून विचारलं, "आता?"



घरी येऊन त्यांनी सांगाडा उतरवला. शेळीला टोचू नयेत म्हणून काटे आधी काढून घेतले.

काकाही गेले. आढ्याला सांगाड्याची दोरी अजून आहे.