ईडा-पीडेची हद्द

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरची सगळी दुःखे शहराबाहेर जातात. ही गोष्ट इतकी जुनी आणि सर्वमान्य आहे, की ती नेमकी कुठे जातात हे आजवर कोणी विचारले नव्हते. इतवारीतल्या एका गल्लीची दुःखे बोरखेड्याला जात, सिंधूताईच्या नालीत.

गल्लीची मारबत म्हणजे बांबू-कागदाची पंधरा हात उंच राक्षसीण. जीभ बेंबीपर्यंत, डोळ्यांत लुकलुकणारे दिवे. लोकांचा तिच्यावर भारी जीव. लेकरांना तिच्या दातांजवळ धरून फोटो काढत आणि तिच्या पोटावर चिठ्ठ्या डकवत: डास, खड्डे, लाच, सासू. मग "घेऊन जा गे मारबत!" अशी आरोळी ठोकत तिला हद्दीवर आणून पेटवत, आणि हलक्या अंगाने घरी भजी खायला जात. कागद जळून जाई. बांबू, तारा आणि अर्धवट वितळलेला थर्माकोल मागे राही.

हद्दीपलीकडचे पहिले घर सिंधूताईचे. सात वर्षांत तिची नाली बुजली. सर आली की पाणी चुलीपर्यंत येई. भिंत फुगली होती. "अजून दोन पावसाळे, मग पडते," असे गवंडी सांगून गेला होता.

ती शहरातल्या कचऱ्याच्या कार्यालयात गेली. साहेबांचे नाव मधुसूदनराव.

"कचरा ओला की सुका?" त्यांनी विचारले.

"बांबू सुका हाये साहेब. घर ओलं हाये."

साहेबांनी अर्ज पुन्हा वाचला. "पण बाई, हा कचरा नाहीच. ही ईडा-पीडा आहे, आणि ती शहराबाहेर गेल्याची आमच्याकडे नोंद आहे. गाडी पाठवून ती परत आणली, तर नागरिक काय म्हणतील?"

"मंग माह्याच दारात काहून सोडता?"

"तुमच्या दारात पोहोचली का, ते आधी पाहावे लागेल."

पाहायला चार महिन्यांनी त्रिसदस्यीय समिती आली. गावाच्या तोंडाशी जीप आदळली. समितीने लिहिले, "खड्डे: प्राप्त." डास चावले, तेही प्राप्त झाले. नकाशाची प्रत देण्यासाठी गावच्या कारकुनाने समितीकडेच चहापाणी मागितले, तेव्हा लाचही प्राप्त झाली. शेवटी सिंधूताईच्या सुनेला, रोशनीला, विचारण्यात आले, "घरात सासू आहे का?"

"हाये ना साहेब. एकच हाये, पन पुरते."

अहवाल एकमताने झाला. शहराची ईडा-पीडा बोरखेड्यात सुस्थितीत पोहोचली असून प्रथा अत्यंत परिणामकारक आहे. सबब, गल्लीतली डासांची फवारणी बंद करण्यात आली. डास गेल्याचा लेखी पुरावा होता. आणि तो पुरावा सिंधूताईच्या नालीत असल्यामुळे त्यावर पाटी लागली: "संरक्षित ईडा-पीडा स्थळ. हात लावू नये."

पाटी लागल्यावर लोक येऊ लागले. सावनेरहून आले, मौद्याहून आले. भरदुपारी ढिगातून हसू ऐकू येते, असे कोणीतरी मोबाईलवर टाकले. मारबतीचे अर्धे जळालेले एक मुंडके सापडले, ते दगडावर मांडण्यात आले. बाजूला पानठेला लागला, पाटीला राखणदार बसला. सिंधूताईने एक बांबू ओढून पाहिला, तर अंगठ्यांनी बोटे भरलेला एक गृहस्थ तिच्यावर खेकसला, "आजी, लोकांच्या श्रद्धेचा विषय आहे!"

"तुमची श्रद्धा माह्या चुलीत शिरून राहिली ना गा!"

त्याने तिचाही फोटो काढला.

त्या पावसाळ्यात भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली. पोळा आठ दिवसांवर आला आणि रोशनी म्हणाली, "आत्याबाई, कचरा म्हनून नेला तर परवानगी लागते. मारबत म्हनून नेली तर कोन अडवते?"

सिंधूताई म्हणाली, "डोकं चाल्ते वं तुह्यं. उगाच भाकऱ्या थापत बसली एवढे दिवस."

त्यांनी तेच बांबू बांधले, तोच थर्माकोल कोंबला, वरून जुनी लुगडी नेसवली. नारळाच्या कवट्यांचे डोळे लावले. बस. सात वर्षे ज्या घाणीला कोणी हात लावला नव्हता, तिला दात आणि डोळे येताच खांदा द्यायला झुंबड उडाली. पाटीचा राखणदार पुढे धावला. हवालदाराने ट्रक थांबवले. मधुसूदनराव हार घेऊन आले आणि म्हणाले, "यंदा फार सुंदर झाली आहे हो!"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नाली तळापर्यंत मोकळी झाली. इतवारीची मारबत हद्दीवर आली, तेव्हा बोरखेड्याने तिलाही इथे पेटू दिले नाही, खांद्यावर घेतले. दोघी पुढे निघाल्या. सगळ्यांत मोठा आवाज सिंधूताईचा होता.

पुढच्या वस्तीच्या तोंडाशी दोन्ही पेटवल्या. तिथले पहिले घर कांताबाईचे. ती दारात उभी होती, पदर दातांत धरून. दोघींची आठवडी बाजारातली ओळख. सिंधूताईने तोंड फिरवले. जाळ फार लागत होता, असे तिने रोशनीला सांगितले. भिंत वाचली. घरी येऊन सासू-सुनेने भजी तळली.

कांताबाईने कुठेही अर्ज केला नाही. अर्जाने काय होते ते तिने ऐकले होते. तिने बांबू जमवायला घेतले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागली, "आमच्या हद्दीपलीकडं पहिलं घर कोनाचं लागते जी?"

परवा तिला पत्ता मिळाला. घर चांगले आहे म्हणतात. भिंती कोरड्या, नाली मोकळी, आणि आत गोष्टी वाचत बसणारी माणसे राहतात.