डाळ शिजेपर्यंत

"दीड वाजता योजनेवाले साहेब येतीन. डाळ शिजली तर सूर्यचूल, नाई शिजली तर कूलर," शामलाने निकाल आधीच वाचून दाखवला आणि तुरीच्या डाळीचा डबा मुकुंदच्या हातात दिला.

सरकारी योजनेतली ती काचेची पेटी आठ दिवसांच्या बोलीवर गच्चीवर आली होती. आज आठवा दिवस. साठवलेल्या पैशांत एकच वस्तू बसत होती: ऊन वापरणारी, नाहीतर ऊन घालवणारी. सात दिवसांत डाळ एकदाही शिजली नव्हती. नागपूरच्या मे महिन्यात माणसं शिजतात, मग डाळ का शिजू नये, हे मुकुंदला कळेना. म्हणून आज कचेरीतून रजा काढून, छत्री घेऊन तो जातीने पहाऱ्यावर बसला.

अकराला तो पाणी प्यायला खाली गेला. परत येतो तर पेटीवर ओलं पोतं.

शेजारच्या रुखमाबाई पापड पसरत होत्या. "मीच टाकलं गा. एवढ्या उन्हात डबं उघडं काहून ठेवतं? रोजच इसरतं तू."

"रोज?"

"मंग? आठ दिवसापासून मीच झाकून राहिली. कोनाची वस्तू अशी तापू देऊ नाई."

"मावशी, ते तापालेच पायजे!"

मुकुंदच्याच डोक्यावर पोतं टाकायला हवं होतं, अशा नजरेने रुखमाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

आता जागचं हलायचंच नाही, असं ठरवून तो पेटीला खेटून बसला. पाऊण तासाने काचेला हात लावला. कोमट. आभाळात ढग नाही, गच्चीवर झाड नाही, आणि पेटीवर मात्र एक गोल काळी सावली. त्याच्याच छत्रीची.

त्याने छत्री मिटली.

साडेबाराला काचेवर वाफ धरली. झाकणातला आरसा निम्मं ऊन डाळीवर आणि निम्मं मुकुंदच्या टकलावर ओतत होता. पापडांमुळे सरकायला जागा नव्हती.

"अहो, छत्री तरी घ्या!" शामला जिन्यातून ओरडली.

"नाई! डाळीले सावली होते!"

दीडला साहेब आले, तेव्हा मुकुंद सूर्याला "बसा ना जी, चहा घेता काय?" म्हणत होता. तिघांनी मिळून त्याला खाली आणलं, खाटेवर टाकलं. कपाळावर ओला पंचा, तळपायांना कांद्याचा रस.

मग पेटीतला डबा खाली आणून उघडला. डाळ लोण्यासारखी झाली होती. शामलाने बोटाने चाखली. परत चाखली. घासलेट नाही, धूर नाही.

"साहेब, सूर्यचूल ठेवून घेतो जी."

"कूलर," खाटेवरून क्षीण आवाज आला.

"अहो, शिजली ना आता!"

"म्हणूनच. कूलर."

"आठ दिवस तुमीच तर डोकं खाल्लं माह्यं!"

"मले आता डोकंच नाई. कूलर."

योजनेच्या कागदावरच्या 'पसंत' आणि 'नापसंत' या दोन चौकटींवर साहेबांचं पेन घुटमळत राहिलं. अर्धा तास गेला. शेवटी डाळीच्या वासाने त्यांना राहवेना.

"वैनी, थोडा भात होईल काय?"

"होईल ना जी! पेटीतच लावते," शामला उत्साहाने उठली. "फक्त उन्हासंगं पेटी फिरवाले वर कोनीतरी बसा लागन. तुमी बसता काय?"

साहेबांनी खिडकीतून उन्हाकडे पाहिलं, मग खाटेवरच्या मुकुंदकडे पाहिलं, आणि 'नापसंत'वर ठळक खूण केली.