घरचा ब्रेक

नव्या सायकलींचा ब्रेक सायकलवर नसे, घरी असे.

वाईत त्या सायकली आल्या तेव्हा दुकानदाराला हे प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगावं लागे. पुढे तशी गरज उरली नाही. सायकल चालवणाऱ्याला वेगाची भीती वाटत नाही, आणि वाटली तरी फार उशिरा वाटते, असं कंपनीच्या अभियंत्यांना आढळलं होतं. घरी बसलेल्या माणसाला मात्र ती, जाणारा बूट घालत असतो तेव्हापासूनच वाटत असते. तेव्हा ब्रेक त्याच्याच हाती हवा. लिव्हर स्वयंपाकघराच्या भिंतीवर बसवत. मध्ये तार वगैरे काही नव्हती. स्वार सायकलवर असेल तोवर लिव्हर बारीक थरथरत राही आणि तो उतरला की गार पडे. रागाने किंवा गंमत म्हणून दाबली तर ब्रेक लागत नसे; दाबणाऱ्याला खरोखर भीती वाटलेली असावी लागे.

ज्याच्या घरी त्याच्यासाठी घाबरणारं कोणी नाही, त्याला ही सायकल विकत नसत.

शशिकांत ढेबे पाचगणीला जॅमच्या कारखान्यात हिशेब बघत असे. सकाळी पसरणीचा घाट चढून जायचं आणि संध्याकाळी उतरून यायचं, या विचारानेच तो हरखला होता. कंपनीचे मोकाशी लिव्हर बसवायला आले तेव्हा त्यांनी चहा घेण्याआधी विचारलं, "घरात सगळ्यात जास्त कोण घाबरतं?"

"मी," शशिकांतची आई म्हणाली. तिची सून वैजयंता तिला आत्या म्हणत असे. "पोरगं उंबऱ्याबाहेर पडलं की मी देव पाण्यात घालते. गल्लीतल्या सगळ्यांना विचारा."

मोकाशींनी मान डोलावली आणि वैजयंताकडे पाहिलं. "आणि ताई, तुम्ही?"

"मी काही बोलत नाही," वैजयंता म्हणाली. "पण हे घरी आल्याशिवाय मला घास उतरत नाही."

मोकाशींनी लिव्हर तिच्या हाताच्या उंचीवर बसवली. आत्यांचा चेहरा पडलेला पाहून ते म्हणाले, "तुमची भीती मोठी आहे आजी, पण एकदम लागते. चाक जागच्या जागी अडकेल. आतल्या आत घाबरणाऱ्या माणसाचा ब्रेक बेताने लागतो."

पहिल्या दिवशी शशिकांत नदीवरच्या गणपतीच्या घाटापर्यंतही धड पोचला नाही. वैजयंताला भाजीच्या टेम्पोची भीती वाटली, मग कुत्र्यांची, मग कशाची ते तिलाही कळलं नाही. दर वेळी तो रस्त्यात खिळून उभा राहिला. कोणी हसलं नाही. गावात अशी माणसं जागोजागी उभी असत, एक पाय जमिनीवर टेकून, समोर बघत. जाणारे येणारे एवढंच म्हणत, "घरी काळजी लागलेली दिसते," आणि बाजूने निघून जात.

हळूहळू तिचा हात बसला. घाटाच्या उतारावर लिव्हर अर्धी दाबून कशी धरायची, वळण आलं की किती, सरळ रस्ता लागला की किती, हे तिला थरथरीवरून कळू लागलं. रविवारी शशिकांत सायकलवाल्यांच्या ग्रुपबरोबर मेणवलीपर्यंत जाई. तिथे चहाच्या टपरीवर सायकलींपेक्षा घरच्या ब्रेकबद्दलच जास्त बोलणं होई. कोणाची आई फार घाबरट, कोणाची बायको हल्ली टीव्ही बघते. शशिकांतला लोक म्हणत, "तुझ्याकडे काय बाबा, लोण्यासारखा लागतो." तो घरी येऊन हे सांगे. वैजयंता ऐकून घेई. रोजच्या धरण्याने तिचा खांदा दुखत असे आणि ती तो चोळत बसे.

असं बरेच महिने नीट चाललं. मग थंडीत एका संध्याकाळी ती भाकरी थापत होती आणि डावा हात लिव्हरवर होता. शशिकांत घाटात होता. उतार तिच्या बोटांना ओळखीचा झाला होता. अचानक, काही कारण नसताना, पाठीवर कोणी ओला हात ठेवावा तशी भीती तिला वाटली. तिने लिव्हर पूर्ण दाबली.

थरथर थांबली नाही, पण दबून गेली, म्हणजे तो सायकलवरच होता आणि सायकल उभी होती. थोड्या वेळाने लिव्हर गार पडली. तो उतरला असणार. वैजयंताने हात तसाच ठेवला. मग लिव्हर पुन्हा थरथरू लागली.

"बसला वाटतं," आत्या म्हणाल्या. "सोड आता."

वैजयंता सोडायला गेली, पण तिला ते जमलं नाही. ही थरथर वेगळी होती. जड होती, आणि तिच्यात घाई नव्हती. तिने तव्यावरची भाकरी उतरवायला आत्यांना सांगितलं आणि दोन्ही हातांनी लिव्हर धरली. शशिकांतचा फोन लागेना; घाटात तो कधीच लागत नसे. बाहेर दिवे लागायची वेळ झाली होती.

बऱ्याच वेळाने दार उघडून शशिकांतच आत आला. हातात हेल्मेट होतं. सायकल नव्हती.

वैजयंताने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. लिव्हर थरथरत होती.

"सोडू नकोस," शशिकांत म्हणाला.

"मग सायकलवर कोण आहे?"

तो पाटावर बसला. त्याला घाम आला होता. "वरच्या मोठ्या वळणावर तू दाबलंस. मी कठड्याला सायकल लावून उतरलो, म्हटलं तुझी भीती जाईपर्यंत बसू जरा. तिथे एक माणूस उभा होता. पांढरा शर्ट, पँट मोज्यात खोचलेली. मला म्हणाला, जरा बसून बघू का? मी म्हटलं, ब्रेक घरी आहे. तर म्हणे, मला माहीत आहे. माझ्या घरी कोणी नाही म्हणून मला देत नाहीत ही सायकल. आणि बसला."

"मग उतरवायचं त्याला."

"सांगितलं की. म्हणाला, वहिनींनी सोडलं की निघतो. मी दंडाला धरून ओढलं त्याला, पण हलेना. मग मी जीप थांबवली आणि खाली आलो. तू सोडलं असतंस तर तो गेला असता."

"कुठे?" आत्यांनी विचारलं.

"ते त्याने सांगितलं नाही."

शशिकांतने कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सायकल चोरीला गेली अशी नोंद करता येणार नाही, सर. ब्रेक तुमच्या घरी आहे, म्हणजे सायकल तुमच्याच ताब्यात आहे."

"पण तिच्यावर दुसरा माणूस बसलाय."

"स्वार कोण आहे हे आम्ही बघत नाही, सर. ब्रेक लागतोय का?"

शशिकांतने वैजयंताकडे पाहिलं. तिने मान हलवली. "लागतोय," तो म्हणाला.

"म्हणजे मॅडमना त्या माणसाची भीती वाटते आहे. मग काही अडचण नाही."

"त्याची भीती वाटते, की त्याच्यासाठी?" वैजयंताने मोठ्याने विचारलं, फोनवर ऐकू जाईल असं.

मुलगी म्हणाली, "ब्रेकला तो फरक कळत नाही, मॅडम. धन्यवाद."

शशिकांतने फोन ठेवला. मग आत्या म्हणाल्या, "सोडून दे. आपला कोण लागतो तो?"

"आत्या, त्या वळणाला खाली दरी आहे."

"त्याने बघावं ते."

"त्याच्याकडे ब्रेक नाही," वैजयंता म्हणाली.

शशिकांतने स्वतः लिव्हर धरून पाहिली. ती त्याच्या हातात सैल पडली, जशी भिंतीवरची कोणतीही खुंटी, आणि त्याच क्षणी वैजयंताने त्याचा हात बाजूला ढकलून परत घट्ट धरली. तेवढ्यात तिकडे तो माणूस किती पुढे सरकला असेल याचा विचार तिने केला नाही. 

मग हात जरा जरा सैल करत तिने त्याला खाली आणायला घेतलं. घाट तिला पाठ होता, पण माणूस नवीन होता. शशिकांत वळणावर आत झुकत असे. हा झुकत नव्हता. शशिकांत मध्येच थांबून श्वास घेई. याचा श्वास लिव्हरमध्ये लागतच नव्हता. एकदा थरथर इतकी वाढली की भिंतीचा गिलावा सुटून ओट्यावर पडला. तेव्हा तिने डोळे मिटले आणि दात आवळून धरून ठेवलं. आत्या तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि तिचा दुखरा खांदा त्यांनी दोन्ही हातांनी धरला. शशिकांत दारातून रस्त्याकडे बघत होता.

सपाटी लागली तसं तिला कळलं. थोड्याच वेळात सायकल गल्लीत आली. शशिकांत आडवा उभा राहिला. तो माणूस बेताच्या वेगाने येत होता, पाठ ताठ, नजर समोर.

"दाब!" शशिकांत ओरडला.

वैजयंताने दाबली. ब्रेक लागला नाही. सपाट रस्ता होता, ओळखीची गल्ली होती, आणि त्या क्षणी तिला कसलीच भीती वाटत नव्हती. शशिकांतला बाजूला व्हावं लागलं. जाता जाता तो माणूस त्याला म्हणाला, "वहिनींना सांगा, असं कोणी आजवर धरलं नव्हतं." आणि तो पुलाच्या दिशेने निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मोकाशी आले. त्यांनी लिव्हरला हात लावला, थरथर पाहिली आणि हात काढून घेतला. स्वार उतरेपर्यंत ती काढता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. तो कधी उतरेल, हे कंपनीला सांगता येत नव्हतं. शशिकांतला दुसरी सायकल मिळणार नव्हती, कारण त्याच्या घरची भीती आता गुंतलेली होती. तो एसटीने जाऊ लागला. त्याला घरी यायला उशीर झाला, तर वैजयंताला हल्ली तेवढं काही वाटत नाही. त्याने ते एकदा बोलून दाखवलं. तिने नाकारलं नाही.

तो माणूस अजून उतरलेला नाही. कधी लिव्हर तासन्‌तास शांत चालते आणि वैजयंता एका हाताने भाजी चिरते, कपडे वाळत घालायला आत्यांना सांगते. कधी अनोळखी घाट लागतात, तिने कधी न पाहिलेले. तेव्हा ती बोलायचं बंद करते. त्याचं नाव तिला माहीत नाही. त्याला रस्त्यात कोणी अडवलं का, तो कुठे खातो, त्याला ऊन लागतं का, हे प्रश्न तिला पडतात, आणि ते पडले की हात आपोआप आवळला जातो आणि तिकडे वेग कमी होतो.

काल संध्याकाळी शशिकांत घरी आला तेव्हा ताटं वाढलेली होती. तो हात धुऊन बसला.

"ये ना जेवायला," तो म्हणाला.

"तुम्ही सुरू करा," वैजयंता भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "त्याला उतार लागलाय."

आत्यांनी भाकरीचा तुकडा मोडून भाजीत बुडवला, उठून तो तिच्या तोंडापाशी धरला आणि ती तोंड उघडेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.