घारेंच्या घरचं बुकिंग

लोणावळ्याला जायचं नाही, एवढंच बजरंग ढमाल्यांनी ठरवलं होतं. पुढचं सगळं त्यातून झालं.

तुळशीची लग्नं नुकतीच लागून गेली होती, सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली होती आणि चिंचवडच्या त्यांच्या सोसायटीतली निम्मी कुटुंबं दर रविवारी कुठं ना कुठं फिरून येत होती. राजेश्वरीबाईंचं म्हणणं साधं होतं. लोणावळ्याला जाऊ, चिक्की घेऊ, खंडाळ्याची दरी बघू आणि दिवेलागणीला घरी येऊ. पण बजरंगराव पडले पाइपच्या कंपनीतले क्वालिटी इन्स्पेक्टर. सगळ्यांना जे आवडतं त्यात कुठंतरी खोट असतेच, हे त्यांचं पंचवीस वर्षांच्या नोकरीत पक्कं झालेलं मत.

"गर्दीत उभं राहून गर्दीच बघायची तर चिंचवड स्टेशन काय वाईट आहे," ते म्हणाले. "आपण खऱ्या गावात जायचं. खऱ्या माणसांच्या घरी. चुलीवरचं जेवण, इंद्रायणीचा नवा भात."

(हे खरं गाव त्यांनी मोबाईलवर शोधलं होतं. पवनानगरच्या पुढं, धरणाच्या कडेला, 'घारे यांचेकडे घरगुती जेवण व मुक्काम'. फोटोत एक चूल आणि एक म्हैस. म्हैस खरी वाटली म्हणून त्यांनी फोन लावला.)

फोनवर पप्पू घारे नावाचा माणूस म्हणाला, "बाराला या. गावात आला की घारेंचं घर इचारा, कुणीबी सांगंल."

त्या गावात निम्मी घरं घाऱ्यांचीच आहेत, हे सांगायचं मात्र तो विसरला.

मुलगा ओंकार रविवारी उठत नाही, म्हणून तो घरीच राहिला. बजरंगराव, राजेश्वरीबाई आणि कॉलेजात जाणारी समीक्षा अशी तिघं कामशेतहून वळून निघाली. पवनानगर मागं पडलं आणि मोबाईलची रेंज गेली. गावाच्या तोंडाशी एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती.

"मावशी, घारेंचं घर कुठं आलं?"

म्हातारीनं वाकून गाडीत बघितलं. राजेश्वरीबाईंची काठाची साडी तिला दिसली. "पाव्हणं व्हय? त्ये काय, दारात रांगोळी हाय बघा, दत्ता घाऱ्याचं. सकाळधरनं वाट बघत्यात तुमची."

"याला म्हणतात सर्व्हिस," बजरंगराव म्हणाले आणि त्यांनी गाडी रांगोळीच्या दिशेनं घातली.

आता हे दत्ता घारे कोण, ते इथंच सांगून टाकलेलं बरं. त्यांचा मुक्कामाचा धंदा नव्हता. त्यांची मुलगी प्रतीक्षा कामशेतच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि त्या दिवशी बारा वाजता तिला बघायला तळेगावहून पाहुणे येणार होते. स्थळ आणलं होतं प्रतीक्षाच्या मामांनी, मारुतीमामांनी, आणि तेच पाहुण्यांना घेऊन यायचे होते. मुलाचा फोटो घरच्यांनी बघितला होता. मुलाच्या आईबापांना मात्र मामांखेरीज कुणी पाहिलेलं नव्हतं.

आणि बरोबर बाराला दारात गाडी थांबून त्यातून एक पोट सुटलेले गृहस्थ, काठाच्या साडीतल्या बाई आणि एक तरुण मुलगी, असं उतरलं.

"या, या," दत्ताभाऊ टोपी सारखी करत पुढं आले. त्यांच्या पत्नी रतनबाईंनी पायावर पाणी घातलं. "मारुतीमामा न्हाई आलं?"

बजरंगरावांना वाटलं, हा इथला गाईड असणार. "आम्हाला मधलं कुणी लागत नाही," ते म्हणाले. "आम्ही थेट येतो. स्वतः बघतो, स्वतः ठरवतो."

दत्ताभाऊंनी मान हलवली. माणूस करारी दिसतो, असं त्यांना वाटलं.

"आन् मुलगा?" ओट्यावरून झुंबरबाईंनी विचारलं. त्या दत्ताभाऊंच्या आई.

फोनवर चौघं सांगितली होती, त्यामुळं हा प्रश्न बजरंगरावांना रास्त वाटला. "तो झोपलाय."

"आज?"

"दर रविवारी. आज आम्ही बघून जातो. आम्हाला पसंत पडलं तर पुढच्या वेळी तो त्याच्या चार मित्रांना घेऊन येईल. दोन दिवस राहतील, मजा करतील."

झुंबरबाईंनी हातातली जपमाळ बाजूला ठेवली.

"चला, खोल्या दाखवा," बजरंगराव म्हणाले.

दत्ताभाऊंच्या घरी आजवर बरेच पाहुणे येऊन गेले होते, पण खोल्या दाखवा म्हणणारं हे पहिलंच स्थळ. मुलीच्या बापानं काय करावं. त्यांनी खोल्या दाखवल्या. बजरंगरावांनी गादी दाबून बघितली, खिडकीची कडी लावून बघितली, भिंतीवर बोट फिरवून ओल बघितली. न्हाणीघरात नळ सोडून घड्याळ लावलं.

"गरम पाणी चोवीस तास?"

"बंब पेटवला की येतंय."

"पेटवतं कोण?"

"आमची प्रतीक्षाच पेटवती सकाळचा."

"स्टाफ एकच दिसतो," बजरंगराव राजेश्वरीबाईंच्या कानात म्हणाले. (कानात म्हणजे त्यांच्या समजुतीनुसार. घरभर ऐकू गेलं.)

मग सगळे बैठकीच्या खोलीत बसले आणि प्रतीक्षा चहाचा ट्रे घेऊन आली. मोरपिशी साडी, मान सरळ, चेहरा जरा थकलेला. ट्रे ठेवून ती समोरच्या खुर्चीवर बसली. नोकरमाणसानं असं समोर बसणं बजरंगरावांना फार आवडलं. खरं गाव म्हणतात ते हेच.

"किती वर्षं करताय हे?" त्यांनी आपुलकीनं विचारलं.

"काय?"

"हेच. पाहुण्यांसमोर ट्रे घेऊन येणं."

प्रतीक्षानं वडिलांकडं बघितलं, मग सरळ उत्तर दिलं. "दीड वर्ष."

"म्हणजे अनुभव आहे. दिवसाला किती येतात?"

"दिवसाला न्हाई. महिन्यातनं एखादं."

"सीझनला वाढत असतील."

"तुळशीच्या लग्नानंतर वाढत्यात जरा."

"आणि गेल्यावर काय म्हणतात लोक? चांगलं लिहितात का?"

"कळवतो म्हणत्यात."

"मग?"

"कळवत न्हाईत."

रतनबाईंनी पदर डोळ्यांना लावला. बजरंगरावांना मनापासून वाईट वाटलं. "लोकांना कदर नसते," ते म्हणाले. "एवढं करूनही दोन चांगल्या ओळी लिहीत नाहीत. काळजी करू नका, मी आजच फोटोसकट टाकतो. ओल तेवढी कळवावी लागेल, ती लपवून चालणार नाही."

प्रतीक्षा उठून आत गेली.

राजेश्वरीबाईही तिच्यामागं गेल्या, कारण झुंबरबाईंनी त्यांना ओटी भरायला बोलावलं होतं. जेवायला आलेल्या गिऱ्हाइकाची ओटी भरतात हे त्यांना नवीन होतं. त्या पाटावर बसल्या. झुंबरबाईंनी खण-नारळ हातात धरला, पण ओटीत घातला नाही.

"ताई, राग मानू नगा. पोराला काय सवय हाय का? पिण्याबिण्याची?"

"ओंकारला? छे हो."

"मग दिसभर झोपतो का? आन् लग्नानंतर मित्रबी हितंच येणार ऱ्हायला?"

राजेश्वरीबाईंनी खणाकडं बघितलं, नारळाकडं बघितलं, कोपऱ्यात डोळे पुसणाऱ्या मोरपिशी साडीकडं बघितलं. मग त्यांच्या ध्यानात आलं, इथं तर मुलगी दाखवायचा कार्यक्रम चाललाय. "अहो," अशी हाक मारत त्या बाहेर धावल्या.

उशीर झाला होता. अंगणात दुसरी गाडी येऊन उभी राहिली होती. मारुतीमामा मागच्या सीटवरून उतरेपर्यंत एक धोतरातले गृहस्थ, त्यांच्या पत्नी आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला तरुण पुढं आले होते, आणि त्यांच्यासमोर दारात आडवे बजरंगराव उभे होते.

"आज इथं फुल आहे," बजरंगराव समजुतीच्या सुरात सांगत होते. "आमचं बुकिंग आधीच झालंय. आम्ही खोल्या बघितल्या, आम्हाला पसंत आहे. तुम्ही पुढच्या रविवारी बघा."

धोतरातल्या गृहस्थांचा चेहरा उतरला. "पसंत हाय? म्हंजे जमलं हितं?"

"जमलंच म्हणा."

"मग आमाला बोलावलं कशाला? चला," ते म्हणाले. मारुतीमामा "थांबा, थांबा" म्हणेस्तोवर तिघं गाडीत बसले. दत्ताभाऊ न्हाणीघराचा नळ बंद करून बाहेर आले तेव्हा त्यांना गाडीची फक्त पाठ दिसली. मारुतीमामा अंगणात एकटेच उभे होते.

राजेश्वरीबाईंनी नवऱ्याचा दंड धरला आणि सगळं दोन वाक्यांत सांगितलं.

पंचवीस वर्षांत बजरंगरावांनी हजारो पाइप नापास केले होते, पण एखाद्या मुलीचं जमत आलेलं लग्न त्यांच्या हातून कधी मोडलं नव्हतं. प्रतीक्षा दारात येऊन उभी होती. तिनं फक्त "हेही गेलं" अशा नजरेनं रस्त्याकडं बघितलं, आणि ती नजर बजरंगरावांना सहन झाली नाही. ते पळत सुटले.

बूट दारात काढलेले होते. पायात मोजे. कापलेल्या भाताच्या खाचरातून, धसकटं टोचत, एक हात पोटावर ठेवून ते धावले. देवाची कृपा म्हणजे पुढं पेंढ्यानं भरलेला ट्रॅक्टर रस्ता अडवून वळत होता आणि पाहुण्यांची गाडी त्याच्यामागं अडकली होती. बजरंगरावांनी काचेवर थाप मारली.

"मी पाहुणा नाही," ते धापा टाकत म्हणाले. "मी गिऱ्हाईक आहे."

"कशाचं?" काच खाली करत धोतरातल्या गृहस्थांनी विचारलं.

"जेवणाचं. चुकीच्या घारेंकडं आलो. मुलीचं कुठं जमलेलं नाही. माझा मुलगा घरी झोपलाय, त्याला यातलं काही माहीत नाही. मुलगी सोन्यासारखी आहे हो. मी इतकं वेड्यासारखं विचारलं, तरी तिनं सरळ खरी उत्तरं दिली."

आधी हसला तो मुलगा. इतका हसला, की शेवटी त्याचे वडीलही हसले. गाडी मागं वळली तेव्हा बजरंगराव पुढच्या सीटवर, मोज्यातली धसकटं काढत बसले होते.

खरी पाहणी मग अर्ध्या तासात उरकली. मुलानं सांगितलं, आधी तुम्ही विचारा. प्रतीक्षानं एकच विचारलं, "तुमीबी कळवतो म्हणणार का?" तो म्हणाला, "न्हाई, माझं हितंच सांगतो, मला पसंत हाय. तुमी सवडीनं कळवा." प्रतीक्षा पहिल्यांदा हसली, आणि तिनंही सवड घेतली नाही. रतनबाईंनी साखर वाटली. तेवढ्यात चार घरं पलीकडचे पप्पू घारे आपली गिऱ्हाइकं शोधत आले, तर त्यांनाही पंगतीत बसवलं. नव्या इंद्रायणीच्या भातावर आमटी पडली तेव्हा बजरंगरावांच्या छातीवरचा दगड खाली आला.

निघताना त्यांनी दत्ताभाऊंचे हात धरून माफी मागितली.

"माफी कसली," दत्ताभाऊ म्हणाले. "उपकार झालं. खरं सांगू? पाव्हण्यांचं घर जरा लहान हाय, म्हणून आमच्या मनात किंतू व्हता. पन तुमास्नी बघितल्यावर ती माणसं निस्ती देवमाणसं वाटली. तुमचं स्थळ न्हाई ह्याचंच इतकं बरं वाटलं, की दुसरं काय बघावंसंच वाटंना."

परतीच्या वाटेवर कामशेतपर्यंत राजेश्वरीबाई खिडकीबाहेरच बघत होत्या. समीक्षा मागं झोपली होती. न राहवून बजरंगरावांनी विचारलं, "कसला विचार करतेस?"

"काही नाही. आमच्या अण्णांनी तुम्हाला पहिल्याच भेटीत होकार कसा दिला, हे कोडं मला इतकी वर्षं सुटत नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुमच्या आधी आमच्याकडं कोण चुकून येऊन गेलं होतं, ते आता विचारायला हवं."