बॅक बटण आणि हजार भाकरी

बायकोला एक बटण करून द्यावं, एवढंच मी ठरवलं होतं. तिनं साडी मागितली असती तर स्वस्तात सुटलो असतो.

आमच्या रेश्माचा कडक भाकरीचा धंदा आहे. शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांतून ती ऑर्डरी घेते आणि आसपासच्या गल्ल्यांतल्या पाच बायका आपापल्या घरी, घरच्याच पिठाच्या भाकरी करून आणून देतात. पद्धत साधी. ऑर्डरीची चिठ्ठी दाराजवळच्या खिळ्याला टोचायची आणि जिला जमेल तिनं येता-जाता एक काढून न्यायची. एक चिठ्ठी, एक बाई. कुणी कुणाला विचारायचं नाही.

या सुरळीत चाललेल्या कामात मी कॉम्प्युटर घातला. (मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. सहा महिन्यांचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स केलाय. त्यातले चार महिने हजर होतो.) नाव भरा, पुढे. भाकरी किती, पुढे. तारीख, पत्ता, फोन नंबर, पुढे. मग ‘पक्की करा’ दाबलं की ऑर्डर स्क्रीनवर दिसणार आणि आतल्या खोलीतल्या प्रिंटरमधून चिठ्ठी बाहेर. मागे जायची सोय तेवढी नव्हती.

“अहो, नाव चुकलं. मागं कसं जायचं?”

“प्रोग्रॅम बंद करून परत चालू कर.”

“म्हणजे चप्पल आत राहिली म्हणून घर पाडून परत बांधायचं?”

हे मला लागलं. अख्खा रविवार बसून मी डाव्या कोपऱ्यात बाणाचं एक बॅक बटण केलं. वीस वेळा दाबून पाहिलं, वीस वेळा मागे गेलो. स्वतःच्या पाठीवर थाप मारायला हात पोचत नाही, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

सोमवारी महेश्वरकाकांची ऑर्डर आली. त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि परत जाताना पुण्याच्या वऱ्हाडाला शिदोरी म्हणून दोनशे भाकरी द्यायच्या होत्या. रेश्माची आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर! तिनं ती पक्की केली, तर नाव ‘महेशर’ पडलेलं. मागे गेली, दुरुस्त केलं, परत पक्की केली. मग तारीख चुकलेली दिसली. मग पत्ता. मग फोन नंबर. चार वेळा मागे गेली आणि माझ्याकडे बघून चक्क हसली. “लई भारी झालंय हो.”

इतकं कौतुक लग्नानंतर पहिल्यांदाच वाट्याला आलं होतं. त्याच गुंगीत मी आत गेलो आणि प्रिंटरमधल्या पाचही चिठ्ठ्या छातीशी धरून आणून खिळ्याला टोचल्या. (चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाचणं हे वापरणाऱ्याचं काम, बनवणाऱ्याचं नव्हे.)

पुढच्या रविवारी सकाळी अक्कम्मा डोक्यावर टोपलं घेऊन आली. आमच्या पाच जणींत ती वयानं मोठी. मागोमाग दगडाबाई आली. मग सारजाबाई, केसरबाई, नीलव्वा. प्रत्येकीकडे दोनशे भाकरी. पलंग भरला, टेबल भरलं, माझी खुर्चीही गेली.

“रेश्मे,” दगडाबाई चिठ्ठ्या शेजारी-शेजारी धरून म्हणाली, “ह्या एकाच बापाच्या पाच पोरींची लग्नं हायत व्हय गं?”

“अहो मावशी, मग आठवडाभर एकमेकींना बोलला कशा न्हाय?”

“एवढी मोठी ऑर्डर! नजर लागंल म्हनून गप बसलो की,” अक्कम्मा म्हणाली. बाकीच्या चौघींनी माना हलवल्या.

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. बॅकनं स्क्रीन मागे जात होता, पण एकदा पक्की झालेली ऑर्डर काही मागे येत नव्हती. दर वेळी नवी ऑर्डर, नवी चिठ्ठी. हे मी समजावून सांगितलं. (सांगायला नको होतं.)

रेश्माचा चेहरा उतरला. आठशे भाकरी जास्तीच्या. पीठ त्या बायकांचं, आठवडाभराचे हात त्यांचे. परत न्या म्हटलं तर यापुढे आमच्या खिळ्याकडे कोण फिरकणार? चार वर्षं जपून बसवलेला धंदा माझ्या एका बाणानं मोडायला निघाला होता.

तिनं दगडाबाईच्या हातातल्या चिठ्ठ्या घेतल्या. मग म्हणाली, “एक भाकरी परत जायची न्हाय. सगळ्या माझ्याच.”

तेवढ्यात अक्कम्मा पदर खोचून खाली बसली.

“येडी का काय तू? कडक भाकरी हाय ही, दूध न्हवं नासायला. म्हैनाभर टिकती. माझी भाची अक्कलकोटला असती, शंभर ती घेती. दगडे, तुजा जावई मंगळवेढ्याला दुकानात हाय न्हवं? लाव फोन. आन सर, तुमी हापिसात पिशवी घिऊन जावा. बगत काय बसलाव?”

मी गेलो. प्राचार्यांनासुद्धा वीस भाकरी आणि शेंगाचटणी विकली. अकराव्या दिवशी घरात भाकरीचा तुकडा उरला नाही, उलट अक्कलकोटाहून आणि मंगळवेढ्याहून नव्या ऑर्डरी आल्या. पाचही जणींनी स्वतःचं काम समजून फोन केले, पायपीट केली आणि मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. असे लोक मिळायला नशीब लागतं. मी त्यांना घरी चहाला बोलावलं, हात जोडले, डोळे पुसले आणि सांगितलं की तुमचे उपकार विसरणार नाही, चूक मी दुरुस्त केलीय, आता असं पुन्हा कधीच होणार नाही.

पाचही जणींचे चेहरे पडले.

“असं नका करू सर,” अक्कम्मा काकुळतीनं म्हणाली. “तुमी चुकलाव म्हनून चार गावांत आमची भाकरी गेली. म्हैन्यातनं एकदा तरी चुकत जावा की.”

मी काही बोलणार तोच रेश्मानं अक्कम्माच्या बशीत बिस्कीट ठेवलं.

“मावशी, तुमी निवांत चहा घ्या. त्यांना चुकायला सांगावं लागत न्हाय.”