पथकाची पहिली झोप

दमलेल्या माणसाला दुसऱ्याचं दुःख नीट दिसत नाही. डोळे चुरचुरत असले की समोरचा माणूस रडतोय की जांभई देतोय हे कळत नाही, आणि मग अहवालात चुका होतात. म्हणून ज्याला दुःखाची पाहणी करायची आहे त्याने आधी पोटभर झोपलं पाहिजे. हे शासनाला उशिरा कळलं, पण कळलं.

कापसाच्या पडत्या वर्षांतली गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यात तेव्हा पावसापेक्षा अभ्यास पथकं नेमाने येत. दिवाळीपर्यंत सोळा येऊन गेली होती, आणि सोळाही न झोपता आली होती. परिणाम व्हायचा तोच झाला. एका पथकाने फुलावर आलेल्या तुरीचे फोटो काढून ‘कापूस पिवळा पडला आहे’ असा निष्कर्ष काढला. दुसरं पथक डुलक्या घेत घेत वर्धा नदी ओलांडून गेलं आणि त्याने शेजारच्या जिल्ह्यात मनापासून हळहळ व्यक्त केली. (ती परत आणण्यासाठी पत्रव्यवहार चालू आहे.)

सतराव्या पथकाच्या वेळी मात्र वरून परिपत्रकच आलं. पथक विमानाने येईल. पहिल्या रात्री विमानतळापासून पाचशे मीटरच्या आत ‘निवांत, निर्विघ्न व निःशब्द’ विश्रांती घेईल. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ताज्या डोळ्यांनी पाहणीसाठी मुकुटबनकडे प्रस्थान करील. विश्रांतीची जबाबदारी एका कर्मचाऱ्यावर सोपवावी.

तो कर्मचारी म्हणजे मधुसूदन पिंपळखुटे. अव्वल कारकून, वय चोपन्न, मणक्यात गॅप. तीस वर्षांच्या नोकरीत त्याने एकही कागद हरवला नव्हता आणि एकही वावर, म्हणजे शेत, पाहिलं नव्हतं. वडील कारकून, आजोबा कारकून. घराण्यात मातीचा संबंध फक्त कुंडीशी. साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, “पिंपळखुटे, पथकाची झोप मोडली तर तुमची बदली झरी जामणीला. जंगल छान आहे तिकडे.”

मधुसूदनला जंगलाचं वावडं नव्हतं. पण बदली म्हणजे खोली, खोली म्हणजे स्वतःच्या हातचा स्वयंपाक, आणि त्याच्या हातची खिचडी त्याने एकदा खाल्ली होती. त्याने झोपेची फाईल उघडली.

विमानतळ म्हणजे निंबखेड्याची धावपट्टी. कोणे एके काळी कुठल्याशा उद्घाटनासाठी ती बांधली. उद्घाटन रद्द झालं, पट्टी राहिली. वर्षातले तीनशे साठ दिवस तिच्यावर सोयाबीन आणि मिरच्या वाळत. मधुसूदनने टेप घेऊन पाचशे मीटर मोजले, तर त्यात तीनच गोष्टी बसल्या: बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम, निजामुद्दीनचं गादीचं दुकान आणि तुळसाबाईचं चार एकर वावर. गोदामाला चुना लागला, दाराला पडदा लागला आणि पाटी लागली, ‘विश्रांतीगृह (तात्पुरते)’.

गाद्यांचा प्रश्न आला. मंजुरी फोमच्या गाद्यांची होती. त्या नागपूरहून निघाल्या होत्या आणि त्यानंतर त्यांचा ठावठिकाणा लागत नव्हता. मधुसूदन निजामुद्दीनकडे गेला. निजामुद्दीन हा तीन पिढ्यांचा गादीवाला. दाढीत, भुवयांत कायम कापसाची पिंज, त्यामुळे त्याचं खरं वय कोणालाच माहीत नव्हतं.

“चार गाद्या पाहिजेत. परवापर्यंत. झोप पक्की लागली पाहिजे,” मधुसूदन म्हणाला.

“बाबूसाहब, गादीचं मले सांगा, झोपीचं मले नका सांगू. झोप अल्ला देते.” निजामुद्दीनने पिंजण उचललं. “पन कापूस हिथलाच घेऊ ना? तुळसाबाईच्या वावरातला हाये. असा लांब धाग्याचा की पिंजता पिंजता मलेच डुलकी येते.”

कापसाच्या संकटाचा अभ्यास करणाऱ्यांना कापसावर झोपवणं नियमात बसतं का, याबद्दल मधुसूदनने मार्गदर्शन मागवलं. ते अद्याप आलेलं नाही. गाद्या तयार झाल्या.

राहिली शांतता. मधुसूदनने आवाज करू शकणाऱ्या घटकांची यादी केली, ती दोन पानं भरली. पिठाची गिरणी (एक), भजनी मंडळ (एक), कुत्री (एकोणीस, पैकी भुंकणारी एकोणीस), गावातल्या रामधनची मोटारसायकल, रामधनच्या बापाचा खोकला. कुत्र्यांना रामधनच्या ट्रॅक्टरमध्ये भरून चार कोसांवरच्या पाहुण्यांकडे पोचवलं. बाप स्वतःच मुलीकडे जातो म्हणाला, फक्त त्याला एकोणीस कुत्र्यांबरोबर जायचं नव्हतं. सगळं सुरळीत चाललं असताना मधुसूदन तुळसाबाईच्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, येऊन थांबला.

तुळसाबाईचं वय साठ, एकटीचा संसार. वावरात कापूस फुटून पांढराशुभ्र झाला होता आणि मध्ये लाकडी मचाण होतं. त्यावर तेलाचा एक रिकामा डबा आणि एक दांडकं. रात्री रोही आले, म्हणजे त्या घोड्याएवढ्या नीलगायी, की ती डबा बडवी आणि अशा काही शिव्या देई की रोही लाजून निघून जात.

“मावशी, परवा रात्री डबा वाजवायचा नाही.”

“काहून?”

“पाहुणे झोपणार आहेत. कापसाचा अभ्यास करायला येतायत.”

“मंग झोपून कायले राह्यले? कापूस तं जागा हाये.”

मधुसूदनने परिपत्रक वाचून दाखवलं. ‘निःशब्द’ या शब्दाला ती हसली. मग गंभीर झाली.

“बाबू, येका रातीत रोही अर्धं वावर खाते. वरसभर मी याच्या मांगं फिरून राह्यली. तुमच्या पावन्यायच्या झोपीसाठी मी माहा कापूस रोह्यायले देऊ?”

परिपत्रकात रोह्यांचं कलम नव्हतं. मधुसूदनने त्या रात्री बसून एक नोटीस तयार केली. ‘सर्व संबंधित वन्यप्राण्यांना कळविण्यात येते की, उक्त रात्री सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत सदर शेतात प्रवेश करू नये. कसूर केल्यास नियमाप्रमाणे कार्यवाही करण्यात येईल.’ ती धुऱ्यावरच्या पळसाला चिकटवली. सकाळी निजामुद्दीनच्या बकरीने ती खाल्ली. मधुसूदनने ‘नोटीस प्राण्याने स्वीकारली’ असा शेरा मारला. पण तीस वर्षांत पहिल्यांदाच आपल्या कागदाने काम होणार नाही असं त्याला वाटलं, आणि हे वाटणं त्याला अजिबात आवडलं नाही.

तो परत तुळसाबाईकडे गेला आणि स्वतःच्या कानांना ऐकू आलं की आपण म्हणतोय, “मावशी, मी स्वतः जागल करतो. आवाज न करता.”

तिने त्याला पायापासून चष्म्यापर्यंत पाहिलं. “करा,” ती म्हणाली. “रोह्यायलेही थोडा बदल पायजे.”

पथक वेळेवर उतरलं. प्रमुख डॉ. पद्मजा, दोन सदस्य आणि एक निमंत्रित. (निमंत्रित कशासाठी हे शेवटपर्यंत कळलं नाही, ते स्वतःही इतरांना विचारत होते.) पद्मजामॅडम स्वभावाने अतिशय चांगल्या होत्या. त्यांनी गादीवर हात दाबला, मग दोन्ही हात दाबले.

“हा कुठला फोम?”

“कापूस आहे मॅडम.”

“कापूस?” त्यांनी सदस्यांकडे पाहिलं. “लिहून घ्या. कापसाचा पर्यायी उपयोग.”

साडेआठला दिवे गेले. विजेचं भारनियमन होतं, पण पथकाला ते व्यवस्थेचाच भाग वाटलं.

वावरात मधुसूदन आणि निजामुद्दीन उभे होते. निजामुद्दीन का आला होता? “गाद्यायची गॅरंटी देल्ली ना,” तो म्हणाला. तुळसाबाई मचाणावर बसून बोटाने दिशा दाखवणार होती. नियम ठरले: ओरडायचं नाही, टाळी नाही, शिट्टी नाही, टॉर्च नाही, शिंक आल्यास गमछ्यात. हात पसरून रोह्याच्या अंगावर धावत जायचं, बस.

दहाच्या सुमारास पहिला रोही आला. मधुसूदन हात पसरून धावला. रोही थांबला. त्याने जन्मात न ओरडणारा माणूस पाहिला नव्हता. बराच वेळ तो कुतूहलाने पाहत राहिला, मग मधुसूदनच्या कोपराजवळचं एक बोंड खाऊन शांतपणे परत गेला. हे यश मानण्यात आलं.

मध्यरात्रीपर्यंत असे चार रोही आले. मधुसूदन दोनदा पडला. गॅप असलेला मणका, ओली ढेकळं, कपाशीच्या काटक्या. वाकून चष्मा शोधताना त्याचा हात एका फुटलेल्या बोंडावर पडला. इतकी वर्षं त्याने कापूस रकान्यात पाहिला होता. बोंड थंड होतं, दवाने थोडं जड झालं होतं, आणि त्याच्या कडा बोटांना बोचत होत्या.

“बोचते?” मचाणावरून कुजबुज आली.

“हो.”

“मंग?” तुळसाबाई म्हणाली.

पावणेतीनला कळप आला. चौदा. मधुसूदन एका बाजूने धावला, निजामुद्दीन दुसऱ्या. रोही मधून शिरले. कळपाला आता कळून चुकलं होतं की ही माणसं बिनआवाजी आहेत, म्हणजे निरुपद्रवी आहेत. (हा निष्कर्ष काढायला त्यांना कोणत्याही विश्रांतीची गरज पडली नाही.) कडाकडा झाडं मोडू लागली. मधुसूदनने मचाणाकडे पाहिलं. तुळसाबाईने डबा मांडीवर घेतला होता. वाजवत नव्हती. शब्द दिला होता म्हणून दोन्ही हातांनी नुसता धरून बसली होती.

मधुसूदनला झरी जामणी आठवलं. खिचडीही आठवली. मग त्याने मचाणावर चढून तो डबा घेतला आणि बडवायला सुरुवात केली.

नुसता बडवला नाही. तीस वर्षं ‘महोदय’ लिहिणाऱ्या त्या माणसाच्या तोंडातून जे काही बाहेर पडलं, त्याने निजामुद्दीन जागीच थिजला. तुळसाबाईने चार-दोन नवे शब्द मनात टिपून घेतले. रोही उधळले. पलीकडच्या वावरांतले जागलकरी हडबडून उठले आणि त्यांनीही आपापले डबे काढले, कोणी फटाके लावले. निंबखेडा, शेजारची दोन खेडी, चार कोसांवरची एकोणीस कुत्री, सगळी जागी झाली. हा गोंधळ अर्धा तास चालला.

मग मधुसूदन धुऱ्यावर बसला आणि म्हणाला, “संपलो मी.”

“अकरा तास गेले,” तुळसाबाई म्हणाली. तास म्हणजे कपाशीच्या ओळी. “बाकीचं वाचलं, बाबू.” तिने त्याच्या अंगावर आपलं घोंगडं टाकलं.

सात वाजता तो गोदामाच्या दारात हात जोडून उभा राहिला. आतून कोणी आलं नाही. आठ वाजले. नऊ. मुकुटबनला जायच्या जीपचा ड्रायव्हर दोनदा नाश्ता करून आला. अकरा वाजून दहा मिनिटांनी पडदा हलला. पद्मजामॅडम बाहेर आल्या. चेहरा लहान बाळासारखा.

“पिंपळखुटे,” त्या म्हणाल्या, “काय शांतता आहे हो तुमच्याकडे! रात्रभर पान हललं नाही.”

निजामुद्दीनने आकाशाकडे पाहिलं. बाकीच्या तिघांना मात्र हलवून उठवावं लागलं, निमंत्रितांना तर गादीसकट उचलून उन्हात ठेवलं, तेव्हा त्यांनी डोळे उघडून विचारलं, “दौरा झाला का?”

दौरा झाला नव्हता आणि आता होण्यासारखाही नव्हता, कारण जेवण करून दोनच्या विमानाने निघायचं होतं. सदस्यांनी सुचवलं की उड्डाण होताना डाव्या खिडकीतून पाहणी करावी. (डावी बाजू नदीची होती, पण तेवढं चालतं.) मधुसूदनला राहवलं नाही. तो म्हणाला, “मॅडम, कापसाचं वावर हे इथेच आहे. दोनशे पावलं. वावरवाल्या बाई तिथेच आहेत.”

मॅडमनी त्या दिशेला पाहिलं. खरंच पाहिलं. एक पाऊलही टाकलं. मग त्यांचं लक्ष त्याच्या लाल डोळ्यांकडे गेलं, आणि त्या हळूच म्हणाल्या, “तुम्ही आधी झोप घ्या. किती ताण घेता तुम्ही लोक.”

इथेच त्यांना अहवाल सुचला असावा.

अहवाल महिन्याभरात आला. एकशे बारा पानं. जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचं मूळ दुखणं अपुरी झोप हे आहे असा त्यात निष्कर्ष होता. उपाय म्हणून प्रत्येक कापूस उत्पादकाने रात्री आठ तास अखंड झोपावं अशी शिफारस होती. तशी रंगीत पत्रकं घरोघर वाटली गेली. मधुसूदनला ‘उत्कृष्ट शांतता राखल्याबद्दल’ प्रशस्तिपत्र मिळालं. तुळसाबाईच्या हातात पत्रक त्यानेच दिलं, कारण वाटपाची जबाबदारीही त्याचीच होती.

“काय लिवलं हाये याच्यात?” तिने विचारलं.

मधुसूदनने वाचून दाखवलं. तिने पत्रकाची चौकोनी घडी घातली. मग म्हणाली, “आठ तास? मंग बाबू, तुम्ही शनवारी येत जा. तुम्ही वाजवा, मी झोपतो.”

तो शनिवारी जाऊ लागला. आधी ऑफिसात लपवत होता, मग लपवेना. शिफारशीची जिल्ह्यात झालेली एवढी एकच अंमलबजावणी, आणि तीही चार एकरांवर, आठवड्यातून एकदा.

आता तुम्ही विचाराल, असा अहवाल आला आणि कोणी काही बोललं कसं नाही? बोलायला हरकत नव्हती. त्याचा सारांश सगळ्या वर्तमानपत्रांत सातव्या पानावर, दोन कॉलमांत, ठळक मथळ्यासह छापून आला होता. पेपर तुमच्याही घरी येत होता. त्यावर तुम्ही भाजी निवडलीत. मेथी की पालक एवढंच कळवावं, शासनाकडे तो रकाना अजून रिकामा आहे.