चहा प्यालेली मालुबाई

पद्मराज पुण्याहून बी.ए. होऊन निपाणीला परतला तेव्हा त्याच्या ट्रंकेत दोन धोतरजोड्या आणि मानसशास्त्राच्या तीन जाड वह्या होत्या. मनगटावर घड्याळ होतं. साल एकोणीसशे सदतीस. वडिलांची, म्हणजे आप्पाण्णांची, तंबाखूची वखार होती. तिथं आठ बायका दिवसभर तंबाखू चाळायच्या. पद्मराजनं चार दिवस वखार पाहिली आणि पाचव्या दिवशी जेवताना जाहीर केलं, "आप्पा, या बायकांना दुपारी कपभर चहा दिला तर काम सव्वापट होईल. पंधरा दिवसांत सिद्ध करून दाखवतो."

आप्पाण्णांनी जन्मात चहाला तोंड लावलं नव्हतं. चहा आणि दारू यांत फक्त भांड्याचा फरक आहे, असं त्यांचं मत होतं.

"आणि न्हाय झालं तर?"

"तर मुकाट्यानं वखारीत बसेन. झालं तर मला एम.ए.ला पाठवा."

आप्पाण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला. "बरं. चौघींस्नी चहा दे, चौघींस्नी नको. कोण जास्त चाळतंय बघू."

पद्मराज नुकतीच पदवी मिळालेल्या माणसासारखा हसला. "तसं चालत नाही, आप्पा. मालुबाई मुळातच वाऱ्यासारखी चाळते. शालूबाईला बिचारीला डोळ्यांनी कमी दिसतं. मालुबाईच्या गटानं जास्त चाळलं, तर ते चहामुळं की मालुबाईमुळं? म्हणून माणूस तेच ठेवायचं. चहा प्यालेली मालुबाई आणि चहा न प्यालेली मालुबाई, या दोघींची तुलना करायची."

"मग पहिला आठवडा बिनचहाचा, दुसरा चहाचा. झालं."

"तेही नाही. दुसऱ्या आठवड्यात काम वाढलं, तर चहानं वाढलं की हात बसला म्हणून वाढलं, कसं कळणार? म्हणून चौघींना आधी चहा आणि मग बंद. उरलेल्या चौघींना आधी बंद आणि मग चहा. क्रमाचा दोष दोन्हीकडं सारखा वाटला जातो."

"साकु," आप्पाण्णा म्हणाले. त्यांनी कानडीत पुरे म्हटलं की घरात पुढं कोणी बोलत नसे.

सोमवारी प्रयोग सुरू झाला. वखारीतला हमाल रवळू चहा करायचा. चहात आलं नसायचं, कारण आप्पाण्णा कडक जैन होते आणि त्यांच्या आवारात जमिनीखालचं काही येत नसे. चिठ्ठ्या टाकून चौघी निवडल्या, त्यांत मालुबाई आणि शालूबाई आल्या. संध्याकाळी रवळू एकेकीची पाटी काट्यावर तोलायचा आणि आकडा ओरडायचा. पद्मराज पुढच्या कचेरीत बसून तो वहीत लिहायचा. आत जायची त्याची इच्छा होती, पण तंबाखूच्या खकाण्यानं त्याला एका दमात सोळा शिंका यायच्या. म्हणून तो लांबूनच शास्त्रीय दृष्टीनं बघायचा.

पहिल्या दिवशी मालुबाई साडेअकरा शेर, शालूबाई साडेअकरा शेर. बाकीच्या सहाही जणी साडेअकरा शेर.

पद्मराजला वाटलं, काटा अडकला असेल. रवळूनं काटा झटकून दाखवला. मंगळवारी सगळ्या साडेअकरा. बुधवारीही साडेअकरा. चहा प्यालेल्या साडेअकरा, न प्यालेल्याही साडेअकरा.

बुधवारी रात्री तो विचारात पडला आणि गुरुवारी सकाळी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. माणसामाणसांतला फरक पुस्तकात सांगितलाय तेवढा नसतोच! ठरावीक कामात सगळ्यांचे हात आपोआप एका पातळीवर येतात. असा नियम अजून कुणी मांडला नव्हता. त्यानं लगेच पुण्याच्या प्राध्यापकांना पाच पानी पत्र लिहिलं आणि स्वतः पोस्टात टाकून आला.

शुक्रवारी दुपारी त्याला वाटलं, चहानं कसं वाटतं हेही बायकांना विचारावं. नाकाला उपरणं बांधून तो आत गेला. शालूबाईची जागा रिकामी होती. चाळणी भिंतीला टेकवलेली.

"शालूबाई कुठं आहे?"

"तिला काल रातीपासनं ताप हाय, अण्णा," शेजारी चाळत बसलेली राजाबाई खाली बघत म्हणाली. "आज आलीच न्हाय."

संध्याकाळी रवळूनं आकडे ओरडले. "मालुबाई, साडेअकरा. राजाबाई, साडेअकरा. शालूबाई, साडेअकरा."

पद्मराजनं पेन खाली ठेवलं. घरी तापानं पडलेल्या बाईनं साडेअकरा शेर तंबाखू चाळली होती, आणि तीही चहाशिवाय.

तो पुन्हा आत गेला. आठापैकी सात बायका अंगावरची धूळ झटकत उभ्या होत्या. त्यांच्यात वयानं मोठी अक्काताई होती. तिशीपासून ती या वखारीत होती आणि आता साठीला टेकली होती. तंबाखूची ओंजळ हातात धरली की ती छटाकासकट वजन सांगायची.

"अक्काताई, हे काय चाललंय?"

अक्काताईनं पदर खोचला. "काय चालायचंय? वाटून घेतोय. जिची जास्त हुतीया तिच्यातली ओंजळभर कमी असंल तिच्या पाटीत. आज शाली न्हाय, तर वहीत तिचं नाव रिकामं ऱ्हाऊ नगं म्हणून तिचीबी भरली."

"पण का?"

"अण्णा, तुम्ही वही काढलीसा. घड्याळ काढलंसा. नावं लिवून घेतलीसा." तिचा आवाज चढला नव्हता. "दोन सालामागं पलीकडच्या वखारीत असाच एक शिकल्याला बाबा आलता. आठ दिस लिवत बसला आन् नवव्या दिशी पाच बायका घरी. शालीला डोळ्यांनी दिसत न्हाय. नवरा गेलाय, पदरात दोन पोरी हाईत. तुमच्या वहीत पयलं नाव तिचंच निघालं असतं."

आपण एम.ए.चा विचार करत होतो आणि या बायका रोज संध्याकाळी एकमेकींच्या पाटीत ओंजळी टाकत होत्या, हे त्याला आत कुठंतरी लागलं. मग त्यानं शिंका आवरत जमेल तसं समजावलं. कुणाला काढायचं नाही. शालूबाईची तुलना मालुबाईशी करायचीच नाही. प्रत्येकीची तुलना तिची तिच्याशीच.

"म्हंजी माजी माज्याशीच?" मालुबाईनं विचारलं.

"व्हय."

"त्याला चहा कशाला पायजे? माजी सासू रोज फुकट करतीया. कालच्यापरीस आज भाकरी जाड झाली म्हणती."

बायका हसल्या. पण अक्काताईला मालकांच्या तोंडचा शब्द हवा होता. पद्मराज आप्पाण्णांना घेऊन आला. सगळी हकिकत ऐकून आप्पाण्णांनी भिंतीला टेकवलेली शालूबाईची चाळणी उचलून तिच्या जागेवर ठेवली. मग म्हणाले, "मी हाय तंवर हितनं कुणी जायाचं न्हाय. शालीला बरं वाटस्तोवर बोलवू नका." आणि ते निघून गेले.

पहिल्या आठवड्याचे आकडे पद्मराजनं खोडले आणि सोमवारपासून पुन्हा सुरुवात केली. शालूबाईही ताप उतरून आली होती. आता आकडे खरे येऊ लागले. मालुबाई पंधरा शेर, शालूबाई आठ. पद्मराज खूश झाला. आठवडा सरळ गेला.

मग पुढच्या सोमवारी चहाची पाळी बदलली.

आता दोन आठवडे चहा पिऊन झालेल्या चौघींचा चहा बंद झाला. दुपारी तीनला मालुबाईनं डोक्याला फडकं बांधलं. चार वाजता चौघींच्याही डोक्याला फडकी होती. मालुबाईची पाटी सहा शेरांवर आली. पद्मराजनं वहीत घाईनं लिहिलं की चहाविना काम निम्म्याहून खाली येतं. मग त्याला आठवलं की चहा सुरू होण्याआधी हीच मालुबाई चहाविना वाऱ्यासारखी चाळायची. त्यानं तेही खोडलं.

उरलेल्या चौघींच्या हातात कप होते, पण समोर कपाळ धरून बसलेल्या मैत्रिणी बघून त्यांच्या घशाखाली चहा उतरेना. मंगळवारी राजाबाईनं निम्मा कप मालुबाईला दिला. बुधवारी सगळ्यांनीच निम्मा निम्मा केला. पद्मराजच्या वहीत आता चहा प्यालेलीही कुणी नव्हती आणि न प्यालेलीही नव्हती.

"अण्णा, ह्यानं कुणाचंच डोस्कं उतरंना," अक्काताई म्हणाली. "एक तर सगळ्यांस्नी द्या, न्हायतर कुणालाच दाखवू नगासा."

कुणालाच देऊ नका, असं सांगायला गुरुवारी आप्पाण्णा आत गेले. आठ बायका हात थांबवून त्यांच्याकडं बघत राहिल्या. ते तसेच बाहेर आले आणि रवळूला म्हणाले, "मोठं पातेलं आण."

त्या दिवसापासून वखारीत रोज तीनला सगळ्यांना चहा मिळू लागला. काम वाढलं की घटलं, ते कळायची वाट कायमची बंद झाली. पद्मराज ठरल्याप्रमाणं मुकाट्यानं कचेरीत बसू लागला.

महिन्यानं प्राध्यापकांचं कार्ड आलं. समान पातळीचा नियम त्यांना फारच विलक्षण वाटला होता. त्यांनी लिहिलं होतं, "निष्कर्ष पक्का करण्यासाठी त्याच स्त्रियांचा चहा एक महिना पूर्ण थांबवून नोंदी पाठवाव्यात."

पद्मराजनं ते अक्काताईला वाचून दाखवलं. तिनं बशीतला चहा संपवला, बशी पदरानं पुसली आणि म्हणाली, "त्या सरांस्नी म्हणावं, या निपाणीला. चहा बंद हाय म्हणून तुम्हीच सांगा आम्हांस्नी. आम्ही काय करतोय त्ये लिवून घ्या."

पद्मराजनं त्याच दिवशी उलट टपाली कार्ड टाकलं. त्यात एवढंच होतं की निपाणीची हवा सध्या प्रयोगाला अनुकूल नाही.